पाय मुरगळला, आता दाखवायचा कोणाला?

पत्र

मी मिरजेची, वय 59, गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. सात आठवड्यांपूर्वी एसटीतून उतरताना उजवा पाय खडीवर पडला आणि आतल्या बाजूला मुरगळला. घोट्याला लिंबाएवढी सूज आली. दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, लिगामेंट ताणलंय, क्रेप बँडेज बांधा, आठ दिवस आराम करा. आठाचे पन्नास दिवस झाले. सकाळी पाय बरा असतो, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. जिना उतरताना भरवसा वाटत नाही. मंडईत दोनदा पुन्हा लचकला. मेलबर्नची लेक रोज फोनवर म्हणते, "आई, पोडियाट्रिस्टला, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाला दाखव." आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, ते शुगरवाल्यांच्या पायाचं काम. सासूबाई म्हणतात, लचक उतरवणाऱ्याकडे जा, निदान गरम विटेने शेक तरी. पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी लेकीकडे जायचंय. मग तिथेच दाखवू का?

ता. क. मला अकरा वर्षं शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पण त्याचा इथे काही संबंध नसावा.

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात वजनदार ओळ तुम्ही ता. क. करून टाकलीत. डॉक्टरांनी "ते शुगरवाल्यांच्या पायाचं काम" म्हटलं, तेव्हा तुम्ही "मग मी कोण?" असं विचारायला हवं होतं. म्हणून मीही शेवटाकडूनच सुरुवात करते.

पहिली गोष्ट, विटेचा शेक आजपासून बंद. सासूबाईंचा मान राखून, पण बंद. बरीच वर्षं मधुमेह असला की पायाच्या नसा हळूहळू बधिर होऊ शकतात. हे इतकं सावकाश घडतं की माणसाला पत्ताच लागत नाही. माझ्याकडे एक काका आले होते, गुडघ्यासाठी. चालताना त्यांच्या डाव्या पायाचा फरशीवर ओला ठसा उमटत होता. मोजा काढला तर टाचेला रुपयाएवढा फोड फुटलेला. आदल्या रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले होते. म्हणाले, "मला तर छान ऊब वाटत होती." त्यांच्या पायाला ऊब आणि चटका यांतला फरक कळणं कधीच बंद झालं होतं. तुमचं तसं झालंय असं मी म्हणत नाही. पण ते कळेपर्यंत वीट नको, गरम पाण्याचा टब नको आणि बर्फही थेट कातडीवर नको.

कळून घ्यायला फार काही लागत नाही. संध्याकाळी खुर्चीत बसा, पाय समोर स्टुलावर घ्या, डोळे मिटा. घरातल्या कुणाला तरी (सासूबाईंनाच सांगा, त्यांनाही काम मिळेल) तर्जनीच्या टोकाने तुमच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद स्पर्श करायला सांगा. स्पर्श अगदी हलका, माशी बसावी इतकाच. दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांच्या मिळून सहा जागा, कशाही क्रमाने. जाणवलं की तुम्ही "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी काहीच कळलं नाही, तर नसांवर परिणाम झाला असण्याची दाट शक्यता आहे असं धरायचं. इंग्लंडमधल्या इप्सविच गावाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. दवाखान्यात हेच काम दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉनच्या धाग्याने आणि कंप पावणाऱ्या चिमट्यासारख्या काट्याने (ट्यूनिंग फोर्क) जास्त काटेकोर करतात. अकरा वर्षांत तुमच्या तळव्यांना कुणी असा धागा लावला होता का, आठवून बघा. बहुतेकांचं उत्तर "नाही" असंच येतं. रक्ताचे रिपोर्ट फायलीत नीट लावलेले असतात आणि पाय मात्र चपलेतच राहून जातात.

लगेच दुसरं. मोजे, बँडेज काढून दहा मिनिटं बसा, मग तळहाताची मागची बाजू आधी एका घोट्यावर, मग दुसऱ्यावर ठेवा. सुजलेला पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागतोय का? लालसर दिसतोय का? सूज घोट्यापुरती आहे की पाऊलभर पसरलीय? शुगरच्या रुग्णांत एक दुखणं असं असतं की पाय सुजतो, तापतो, पण त्या मानाने दुखत नाही. माणूस त्यावरच चालत राहतो आणि आत हाडं ठिसूळ होऊन सांधे खचत जातात. त्याला शार्को फूट म्हणतात. बरेचदा त्याची सुरुवात अशाच किरकोळ मुरगळण्याने होते आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. तुमचं वर्णन मला त्यातलं वाटत नाही. सकाळी उतरणारी सूज, जिन्यात दगा देणारा पाय, पुन्हा पुन्हा लचकणं, हे सगळं साध्या, अर्धवट बऱ्या झालेल्या मुरगळीचं आहे. पण मी तुमचा पाय पाहिलेला नाही. हाताला गरम लागला तर त्या पायावर वजन देणं थांबवा आणि दुसऱ्या दिवशीच हाडाच्या डॉक्टरांकडे जा. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य "मला अकरा वर्षं शुगर आहे" हेच. एसटीची गोष्ट नंतर.

आता मुरगळीकडे वळू. "एक्स-रे साफ आहे, काही नाही" हे वाक्य मी रोज ऐकते आणि रोज चिडते. एक्स-रेत हाड दिसतं. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, त्यात दिसत नाही. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला असे तीन पट्टे असतात. तळवा आत वळून सगळा भार बाहेरच्या कडेवर आला की सगळ्यात पुढचा, तिघांतला कमजोर पट्टा आधी ताणला जातो किंवा फाटतो. जोर जास्त असेल तर त्याच्या मागचा. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे, खळगीत बोट दाबलं आणि आई गं झालं, की तो हा पट्टा. एक्स-रे बघून डॉक्टरांनी तुम्हाला खरं तेच सांगितलं, की मोडलेलं नाही. आपण त्याचा अर्थ "झालेलं नाही" असा घेतो.

एक्स-रे कुणाचा काढायचा आणि कुणाचा नाही, याचे सोपे नियम आहेत. वाचकांपैकी अनेकांच्या घरात कधी ना कधी कुणीतरी मुरगळणारच, म्हणून इथे सांगून टाकते. 1992 साली कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी उंचवट्याची हाडं असतात, त्यांच्या टोकाला किंवा मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबून दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्ये जो हाडाचा टेंगळासारखा उंचवटा लागतो, तिथे दुखतं का? पावलाच्या आतल्या अंगाला, कमानीच्या वर? आणि मुरगळल्यावर लगेच आणि दवाखान्यात पोचल्यावरही, चार पावलं टाकता येत नाहीत का? लंगडत टाकली तरी ती पावलं मोजायची. यातलं एकही "हो" असेल तर एक्स-रे. एकही नसेल तर मोडलेलं असण्याची शक्यता फारच कमी. मात्र हे सगळे नियम "दुखतं का?" या प्रश्नावर उभे आहेत. ज्याच्या पायाला दुखणंच नीट कळत नाही, त्याच्यावर ते चालत नाहीत. म्हणजे पुन्हा तुमचा ता. क. आलाच.

मग पन्नास दिवसांत बरं का झालं नाही? कारण विश्रांती झाली, पण पुढचं काही झालं नाही. 1978 साली गेब मर्किन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं असा चौपदरी मंत्र दिला आणि तो जगभर पोचला. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की पूर्ण आराम आणि सततचा बर्फ यांनी उलट बरं व्हायला उशीर होऊ शकतो. पहिले दोन-तीन दिवस पायाला सांभाळायचंच, पण त्यानंतर सोसेल तेवढा भार आणि सोसेल तेवढी हालचाल हेच औषध. आपल्याकडे मंत्राचा पहिला शब्द तेवढा लक्षात राहिला.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लिगामेंट ही नुसती दोरी नव्हे, तिच्यात बारीक नसांची टोकं असतात. पाय तिरका पडतोय ही खबर तीच टोकं पाठवतात आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू झटकन पाय सावरतात. तुम्हाला कळायच्या आत हे होऊन जातं. पट्टा फाटला की ही खबर उशिरा पोचते. वरून दोन-तीन आठवडे पाय उशीवर ठेवला की स्नायूही ढिले पडतात. मग मंडईत कांद्याच्या सालावर जरा पाऊल तिरकं पडलं की गेला. याला तुम्ही "भरवसा वाटत नाही" म्हणालात, शब्द अगदी बरोबर आहे. पायाचा पहारेकरी झोपलाय. त्याला क्रेप बँडेजने जाग येत नाही, व्यायामानेच येते.

आता लेकीच्या पोडियाट्रिस्टचं. ती तिच्या जागी अगदी बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात पोडियाट्री ही पदवी घेऊन, रीतसर नोंदणी करून करायची स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे. मुरगळलेला घोटा, टाचदुखी, भोवरी, आत रुतलेलं नख, चालण्याची ढब, बुटात घालायचे इनसोल, सगळं ते बघतात. अमेरिकेत तर ते पायाच्या शस्त्रक्रियाही करतात. शब्द ग्रीक आहे, त्यातला "पोडो" आणि आपला "पाद" एकाच कुळातले. पण शब्द जवळचा असला तरी माणूस जवळ नाही. आपल्याकडे ही पाटी मुख्यतः मोठ्या शहरांत आणि बहुतेक वेळा मधुमेही पायांच्या दवाखान्यावर दिसते. ती चालवणारे मूळचे सर्जन असतात, कधी फिजिओथेरपिस्ट, कधी छोटा अभ्यासक्रम केलेले. म्हणून पाटी दिसली तरी मूळ पदवी विचारायला लाजू नका.

गंमत अशी, की पाय जपण्याचं शास्त्र आपल्या देशाला परकं मुळीच नाही. 1940च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. बोटं आणि तळवे रोगानेच झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखवून दिलं की जाणीव गेल्यामुळे कळ लागत नाही, म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय गमावतो. त्यांच्यासारख्यांच्या कामातून मऊ रबराची जी पादत्राणं कुष्ठरुग्णांसाठी आली, तीच पुढे मधुमेहींच्या कामी आली. आज चपलेच्या दुकानात "एमसीआर चप्पल" म्हणून जी मागतात, ती हीच, मायक्रोसेल्युलर रबराची. तेव्हा डॉक्टरांचं हसणं मला पटलं नाही, पण माहिती त्यांची चूक नव्हती.

तुमच्यापुरतं सांगायचं तर घोट्यासाठी हाडाचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, तळव्यांच्या जाणिवेसाठी तुमचे मधुमेहाचे डॉक्टर. जाणीव कमी निघाली तर मधुमेही पायांचं क्लिनिक, मग पाटीवर पोडियाट्रिस्ट लिहिलेलं असो वा नसो. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही तिथेच. हाडाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा की सात आठवडे झालेत आणि दोनदा पुन्हा लचकलाय. ते घोटा हाताने पुढे ओढून पट्टा किती सैल आहे ते बघतील. सांध्यात खोल दुखत असेल किंवा काही अडकल्यासारखं होत असेल तर एमआरआय सांगतील. हा खर्च प्रत्येक मुरगळीला करायची गरज नसते, पण इतके दिवस रेंगाळलेल्या घोट्याला कधी कधी असते. दुखण्याच्या गोळ्या मात्र मेडिकलमधून मनाने आणू नका. शुगरवाल्यांनी किडनीचा विचार आधी करायचा.

लचक उतरवणाऱ्याबद्दल. माझ्या आजोळी उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचे, मीही लहानपणी लावून घेतलाय. त्याने कुणाचं वाईट झालेलं पाहिलं नाही, बरं झालेलंही नाही. पण घोट्याला झटका देऊन "कट्" आवाज काढणं ही वेगळी गोष्ट आहे. तुमच्या घोट्यात काही निखळलेलं नाही की बसवावं. अर्धवट सांधलेला पट्टा त्या झटक्याने पुन्हा उसवेल, आणि पायात जाणीव कमी असेल तर काय बिघडलं तेही कळणार नाही. आंबेहळदीचा लेप लावायचाच तर सासूबाईंच्या समाधानासाठी गार लावा, आणि फक्त कातडी कुठे फुटलेली नसेल तरच.

व्यायाम तुम्हाला फिजिओथेरपिस्ट पाय बघूनच देतील, पण पाय गरम नसेल तर सुरुवात घरीही होते. खुर्चीत बसून पाय उचला आणि अंगठ्याने हवेत मुळाक्षरं काढा, अ पासून ज्ञ पर्यंत. गुडघा हलवायचा नाही, घोट्यातून अक्षर आलं पाहिजे. तुम्ही शिक्षिका, अक्षर वळणदार हवं. "ळ"ला घोटा चांगला फिरतो. हे दिवसातून तीनदा. मग स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचला, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली, दहा वेळा. सुरुवातीला दोन्ही पायांवर, आठवड्याभराने भार जरा उजवीकडे सरकवून.

आणि खरा व्यायाम हा. पायात बूट घालून, ओट्यावर एक बोट टेकवून, दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहायचं. चहाला उकळी येईपर्यंत. पहिल्या दिवशी तुम्हाला तुमच्याच घोट्याची थरथर दिसेल, आत बारीक मासोळी वळवळतेय असं वाटेल. ती थरथर म्हणजेच पहारेकरी डोळे चोळतोय. दहा सेकंद जमली तरी चालेल. आधी डाव्या पायावर उभं राहून वेळ मोजा, म्हणजे उजवा कुठवर न्यायचाय ते कळेल. तीस सेकंद न डगमगता जमू लागलं की बोट काढा. डोळे मिटून करायचा प्रकारही असतो, पण तो एकटीने करू नका आणि स्पर्शाच्या तपासणीत पाय नापास झाला असेल तर अजिबात नको. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं एवढंच समजायचं. नियमाने केलं तर तीन-चार आठवड्यांत जिना उतरताना फरक जाणवतो. पूर्ण भरवसा यायला मात्र महिने लागतात.

मेलबर्नला दाखवण्यासाठी थांबू नका. तिथल्या सरकारी आरोग्य योजनेत तुम्ही बसत नाही, भारताचा ऑस्ट्रेलियाशी तसा करारही नाही, म्हणजे सगळं खिशातून. प्रवासाचा ओव्हरसीज मेडिक्लेम काढाल, त्यातही आधीपासूनचं दुखणं बहुधा वगळलेलं असतं. कागद नीट वाचा, आणि शुगर लपवू नका. शिवाय पायाला जाग आणायला एका भेटीत भागत नाही, आठवडे लागतात आणि ते आठवडे तुमच्याकडे आत्ता, मिरजेत आहेत. तिकडे गेल्यावर लेकीच्या समाधानासाठी तिच्या पोडियाट्रिस्टला एकदा चालण्याची ढब आणि बूट जरूर दाखवा. ते काम त्यांचं छान असतं.

विमानात पाय सुजणारच. कडेची सीट घ्या, तासा-दीड तासाने उठून फेरी मारा, बसल्या जागी मुळाक्षरं चालू ठेवा. नाडीचे बूट घाला, सूज आली की सैल करता येतात. विमानतळावर व्हीलचेअर मागण्यात कमीपणा नाही, तिकीट काढतानाच सांगून ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजून घट्ट, दुखरी झाली किंवा धाप लागली तर मात्र तो घोट्याचा प्रश्न नाही, तसंच थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि डॉक्टरांकडे जाताना नवी चप्पल घालून जाऊ नका. रोजची घाला, ती मंडईतली. आत गेल्यावर काढून उलटी करून दाखवा. बाहेरची कड किती झिजलीय, टाच कुठल्या बाजूला बसलीय, पट्टा कुठे रुतलाय, हे तुमच्यापेक्षा तीच नीट सांगेल.